पाऊणपट तिथी आणि पनवेलची पाखरे

हिशेब-तपासनिसाच्या नशिबी जी गावे येतात ती कुणी हौसेने पाहायला जावे अशी बहुधा नसतात. गेली सव्वीस वर्षे मी एका बँकेच्या शाखा तपासत हिंडतो आहे, आणि माझ्या आठवणीतली निम्मी गावे म्हणजे एक एस.टी. स्टँड, एक लॉज, एक खानावळ आणि वहीतल्या लाल खुणा, एवढीच आहेत. त्यामुळे गेल्या डिसेंबरात, म्हणजे २०२५ साली, तीन आठवडे पनवेलला जाण्याचा हुकूम आला तेव्हा मला काही हर्ष झाला नाही. आम्हा सोलापूरकरांच्या लेखी पनवेल म्हणजे मुंबईला जाताना भल्या पहाटे डोळे चोळत चहा घेण्याचे ठिकाण. तिथे मुद्दाम उतरायचे ते कोकणची गाडी धरायला.

"पनवेलला आहे काय पाहण्यासारखं?" मी घरी कुरकुरलो.

"खाडी आहे," सौभाग्यवती म्हणाल्या. "आणि ती दुर्बीण कपाटात नुसती धूळ खात पडली आहे. ती घेऊन जा."

दुर्बीण आमच्या कन्येने दिलेली. बंगळुरूला नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून तिने आईला साडी घेतली आणि मला ही दुर्बीण. मला पाखरांचा नाद आहे, पण तो माळावरच्या पाखरांचा. तरुणपणी नान्नजच्या माळरानावर माळढोक पाहायला मी सायकल मारीत जात असे. चंडोल, धाविक, गवतावरून तरंगत जाणारे भोवत्ये ही सारी माझ्या ओळखीची मंडळी. समुद्राकाठची पाखरे मात्र मला सगळी सारखीच वाटत: करडी, उंच पायांची आणि सदा घाईत असलेली.

पनवेलला जाण्यात एक लोभ मात्र होता. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबरला झाले होते आणि प्रवासी विमाने २५ डिसेंबरपासून सुरू व्हायची होती. कन्येने हौसेने पहिल्याच दिवसाचे, बंगळुरूहून सकाळी येणाऱ्या विमानाचे तिकीट काढून ठेवले होते. तिने उतरावे, पनवेलला मला गाठावे, आणि दोघांनी मिळून सोलापूरचा रस्ता धरावा असा बेत ठरला. एरवी तिची गाठ पडायची म्हणजे मुंबईच्या गर्दीतून अर्धा दिवस खर्ची पडतो. आता विमानतळ पनवेलच्या उंबरठ्यावरच आला होता. बापाला आणखी काय हवे?

पनवेल हे मूळचे बंदराचे गाव. हमरस्त्यावरच्या गाड्यांच्या गोंगाटात ही गोष्ट विसरायला होते. १८३० साली बोरघाटाचा रस्ता खुला झाल्यावर पुण्याहून निघालेला प्रवासी इथवर गाडीने येई आणि इथून पुढे पडावाने मुंबई गाठी. नगरपालिकाही जुनी, १८५२ सालची. तिची महानगरपालिका झाली ती २०१६ साली. आता बंदराची मिजास उरलेली नाही. पण गाढी नदी खाडीला मिळते त्या बाजूला कोळीवाडा आहे, होड्या आहेत, आणि तिवरांच्या झाडीमागे रुंद, काळाभोर, वास मारणारा चिखल आहे. लॉजच्या मॅनेजरने त्या बाजूला जाऊ नका असे मला प्रेमाने बजावले. "तिकडे काय आहे साहेब? नुसती घाण."

पहिला आठवडा वह्यांत गेला. शुक्रवारी, १२ तारखेला, पहाटे उठलो, गळ्यात दुर्बीण अडकवली आणि सहालाच खाडीवर हजर झालो. पाहतो तो सगळीकडे पाणीच पाणी. तिवरांच्या फांद्यांपर्यंत खाडी टम्म भरलेली. चार कुरव पाण्यावर डुलत होते, एक खंड्या खांबावर बसून माझ्याकडे संशयाने पाहत होता, आणि वर दोन घारी. बस्स. थंडीत तासभर उभा राहिलो. परत फिरताना काठावर जाळे विणत बसलेले एक म्हातारबाबा दिसले. त्यांना विचारले, "काय हो बाबा, इथे म्हणे थंडीत पुष्कळ पाखरं येतात?"

म्हाताऱ्याने मान वर न करताच उत्तर दिले, "येतान ना. पन सायेब, आता ताट झाकलेला हाय. पानी उतरल्याबिगर जेवाला कोन येल?"

मग त्यांनी मला एक गणित घातले. आज तिथी कोणती? मला कुठली ठाऊक! त्यांनीच सांगितले, अष्टमी. आठाची पाऊणपट किती? सहा. म्हणजे सहाला पूर्ण भरती. त्यात सहा तास मिळवा, बाराला ओहोटी. झाले! भरती-ओहोटीचे एवढे सुटसुटीत कोष्टक माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी पाहिले नव्हते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, एकादशीला सव्वाआठ. खोलीवर येऊन मी ते मोबाइलवरच्या वेळापत्रकाशी ताडून पाहिले. अर्धा तास इकडेतिकडे, पण हिशेब जुळत होता.

यातली मेख अशी की चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो आणि भरतीही त्याच्यामागोमाग तेवढीच लांबते. कोळ्यांनी तोंडी हिशेबाला सोपे म्हणून पन्नासाऐवजी पाऊण तास धरला, आणि पंधरवड्यात साचणारी चूक दर प्रतिपदेला नवे खाते उघडून निकालात काढली. हे गणित मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्याचे. खाडीत आत पाणी थोडे मागाहून पोचते. तपासनीस या नात्याने मी एवढेच म्हणेन की चूक कुठे आहे हे ठाऊक असून चालवलेला हिशेब हा पुष्कळदा फार काटेकोर हिशेबापेक्षा अधिक कामाचा असतो.

पण गणिताने माझी पंचाईतच केली. बँक दहाला उघडते. मला मोकळीक सकाळी साडेसहा ते नऊ. त्या वेळात ओहोटी हवी तर अमावास्येपर्यंत थांबणे भाग होते. म्हणून मधला रविवार मी कर्नाळ्याला दिला.

पनवेलहून पेणच्या एस.टी.त बसले की बारा किलोमीटरवर कर्नाळा. वाटेत शिरढोण लागते. वासुदेव बळवंत फडके यांचे हे जन्मगाव, आणि त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. किल्ल्याचा सुळका हमरस्त्यावरूनच दिसतो, अंगठा वर केल्यासारखा. त्याच्या पायथ्याचे जंगल १९६८ साली पक्ष्यांचे अभयारण्य झाले. तेव्हा ते साडेचार चौरस किलोमीटरचेही नव्हते. २००३ साली वाढवून बारा चौरस किलोमीटरच्या वर नेले. आमच्या सोलापूरचे मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत इथे होते, आणि पाखरांची मराठी नावे आदिवासींच्या तोंडून वेचून त्यांनी पक्षीकोश केला. जून २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्या गावचा माणूस म्हणून मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला आणि आत शिरलो.

जंगलाची गंमत अशी की तिथे पाखरे आधी ऐकू येतात आणि दिसतात मागाहून, दिसली तर. भृंगराजाने शेपटीची दोन लांब पिसे मिरवीत चार निरनिराळ्या पाखरांच्या नकला केल्या आणि मला चारही वेळा फसवले. ओढ्यापाशी स्वर्गीय नर्तक दिसला. पांढऱ्याशुभ्र फितीसारखी शेपूट झाडाझाडांतून सळसळत गेली. कॉलेजातल्या मुलांचा एक घोळका मोबाइलवर गाणी लावून किल्ल्याकडे निघाला होता. त्यांनी काहीच पाहिले नसावे. तीन तासांत मी अठरा जाती टिपल्या. तिबोटी खंड्या पाहायची इच्छा होती, पण तो पावसाळ्यात घरटे करतो. डिसेंबरात त्याला शोधणे म्हणजे दिवाळीत आंबे मागणे.

रायगड जिल्ह्याला पाखरांच्या अभ्यासाचा वारसाही जुना आहे. अलिबागजवळच्या किहीमला सालीम अली यांनी १९३० साली सुगरणीच्या घरट्यांपाशी ठाण मांडले आणि तिच्या संसाराचे बिंग फोडले. आपण घरटे विणणारीला सुगरण म्हणतो, पण विणतो तो नर. अर्धे घरटे झाले की तो पंख फडफडवून गिऱ्हाईक बोलावतो. मादी येते, आत शिरून पाहते, पसंत पडले तर राहते. मग हा गृहस्थ घरटे पुरे करतो आणि लगेच शेजारी दुसरे बांधायला घेतो, दुसरीसाठी! हे मी फोनवर घरी सांगितले तेव्हा पलीकडून "म्हणूनच अर्धवट घरं बांधून ठेवतात" असा शेरा आला. आमच्या घराचा वरचा मजला गेली नऊ वर्षे अपुरा आहे.

अमावास्या शनिवारी झाली. रविवारी, २१ तारखेला, प्रतिपदा. सूर्य उगवायला आणि पाणी तळाला जायला एकच गाठ पडली. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, म्हणजे भरतीही मोठी आणि ओहोटीही खोल. त्या दिवशी चिखल जेवढा उघडा पडतो तेवढा एरवी पडत नाही. मी काठावर पोचलो तेव्हा म्हातारबाबा आधीच होडीच्या कडेला बसले होते. त्यांनी नुसता हात केला, एखादा यजमान पंगतीकडे करतो तसा.

काय सांगू! नऊ दिवसांपूर्वी जिथे नुसते पाणी होते तिथे शेकडो पाखरे जेवायला बसली होती. मला आधी सगळा चिखलच हलतो आहे असे वाटले. मग दुर्बिणीतून एकेक वेगळे होऊ लागले. गुबगुबीत चिखल्या चार पावले तुरुतुरु धावे, थांबे, टिपी, पुन्हा धावे. तुतवार शेपूट खालीवर करीत काठाने हिंडत होते. लाल पायांचे टिलवे चोच टोचत लगबगीने चालले होते. शेकाटे आपल्या गुलाबी काड्यांवर तोल सावरीत पाण्यात उभे. आणि पार पलीकडे, एखाद्या वयस्क पाहुण्यासारखा, लांब वाकड्या चोचीचा कर्ल्यू.

तासाभराने मला यातली व्यवस्था उमगली. चिखल्याची चोच आखूड; तो वरवरचे टिपतो, आणि म्हणून डोळे मोठे. टिलव्याची चोच मध्यम. तो दोन बोटे खाली जातो. कर्ल्यूची चोच वीतभर लांब आणि बाकदार. चिखलात खोल दडलेला किडा किंवा चिंबोरीचे पिल्लू तो बिळातून ओढून काढतो. एकच ताट, पण प्रत्येकाचा घास निराळ्या थरातला. म्हणून एवढी गर्दी असून भांडण नाही. मॅनेजर ज्याला घाण म्हणाला होता त्या चिखलात गोगलगाई, शिंपले, कोलंबीची पिल्ले आणि किडे इतके ठासून भरलेले असतात की त्या दाण्यासाठी पाखरे दोन-तीन हजार मैल तुडवून येतात. टिलवा लडाखकडून किंवा मध्य आशियातून येतो, चिखल्यातले काही तिबेट-पामिरच्या पठारांवरून, कर्ल्यू कझाकस्तान-सैबेरियाच्या गवताळ मुलखातून. लोक समजतात तशी ती नुसत्या थंडीला भिऊन येत नाहीत. अंगावर पिसांची दुलई असताना थंडीचे काय? तिकडची जमीन गोठते, चोच आत जात नाही, आणि पोटाला चिमटा बसतो म्हणून ती निघतात.

या जातभाईंच्या ताकदीची एक हकीकत ऐका. गॉडविट म्हणून एक पाखरू आहे. आपल्याकडे त्याच्या भाऊबंदाला पाणटिवळा म्हणतात. २०२२ च्या ऑक्टोबरात पाठीवर बारीक यंत्र लावलेले त्यांतले एक पिल्लू अलास्काहून निघाले ते टास्मानियाला उतरले. १३,५६० किलोमीटर, अकरा दिवस, वाटेत एकदाही टेकले नाही. वय पाच महिने! आमच्या चिरंजीवांना पाचव्या वर्षी शाळेच्या कोपऱ्यापर्यंत पोचवायला माणूस लागत असे.

असे उपाशी, निम्म्या वजनाचे होऊन पोचलेले पाखरू जेव्हा खाली पाहते तेव्हा त्याला चिखल दिसावा लागतो. गेल्या हिवाळ्यात होता तिथेच. त्यांतली पुष्कळशी वर्षानुवर्षे त्याच त्या काठावर परत येतात, हे पायांत वाळे घालून केलेल्या अभ्यासांत दिसले आहे.

आणि इथेच माझ्या आनंदात खडा लागला. दुर्बीण जरा वर केली की पलीकडे विमानतळ दिसत होता. जागा ११६० हेक्टर. २०१० साली पर्यावरणाची परवानगी मिळाली, मग उलव्याची टेकडी फोडली, नदीचे पात्र वळवले, खाजणे आणि खाचरे भरून सपाट केली. म्हातारबाबांनी हाताने दाखवले, तिथे आम्ही निवट्या धरायचो, तिथे जिताडा मिळायचा, तिथे बगळ्यांची शाळा भरायची. मी विचारले, "मग राग येत नाही?" ते थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "नातू तितंच कामाला लागलाय, सायेब. राग कुनावर करू?"

मलाही कुणावर रागावता येईना. माझी मुलगी त्याच धावपट्टीवर उतरणार होती.

पाखरे आणि विमाने यांचे वैर दोघांच्याही जिवावरचे असते. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरजवळ मुंबईला उतरणाऱ्या विमानाला रोहितांचा थवा धडकला. तीसहून अधिक रोहित मेले. न्यूयॉर्कला १५ जानेवारी २००९ रोजी रानहंस दोन्ही इंजिनांत गेले आणि वैमानिकाला विमान चक्क हडसन नदीवर उतरवावे लागले; १५५ माणसे वाचली हा त्याच्या हुशारीचा भाग. म्हणून विमानतळाभोवती १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला किंवा जनावरे कापायला नियमाने बंदी आहे, कारण तिथे घारी जमतात. चिखलावरची पाखरे त्या मानाने गरीब. ती एका काठावरून दुसऱ्या काठावर पाण्याला चाटून उडतात. पण त्यांचे ताट बुजवले तर ती नवे ताट शोधीत उंच उठणार, भटकणार, आणि कुठल्या वाटेने भटकतील हे कुणी सांगावे? ठाण्याच्या खाडीला २०२२ मध्ये रामसर यादीत स्थान मिळाले, तिथे त्यांना आसरा आहे. तशा आणखी जागा राखून ठेवणे हे पाखरांच्या दयेचे काम नाही, विमानात बसणाऱ्यांच्याच हिताचे आहे. हे मला अक्कल म्हणून रविवारीच पटले होते. पोटात शिरले ते गुरुवारी.

गुरुवार, २५ डिसेंबर. नाताळची सुटी, तिथी पंचमी. पाचाची पाऊणपट पावणेचार. भरती पहाटे होऊन गेलेली, ओहोटी दहाच्या सुमाराला. पावणेआठला मी काठावर होतो. पाणी निम्म्याहून अधिक उतरले होते, दोन्ही कडांनी चिखलाच्या पट्ट्या उघड्या पडल्या होत्या, आणि पंगत बसू लागली होती. आठवडाभर मी देवाजवळ पाखरे मागत होतो. त्या दिवशी ती नेहमीपेक्षा जास्तच आली होती. वर घारीही होत्या. मी मोजल्या, अकरा.

आठच्या सुमारास धुक्यातून एक दिवा दिसला. पहिले विमान. म्हातारबाबा उभे राहिले. कोळीवाड्यातली पोरे गच्च्यांवर ओरडू लागली. आणि नेमका त्याच क्षणी तिवरांवरून एक दलदली भोवत्या पंख पसरून आला आणि सगळा चिखल एकदम उडाला.

माझ्या हातातली दुर्बीण गळ्यात लोंबत राहिली. इतका सुंदर थवा मी जन्मात पाहिला नव्हता. शेकडो पंख एकदम वळले आणि करड्याचे पांढरेशुभ्र झाले. आणि मी मात्र "खाली बसा, खाली बसा रे" असे पुटपुटत होतो. वर घारी सावकाश गोल फिरत होत्या. मी त्यांना शिव्या दिल्या. ज्या पाखरांसाठी मी नऊ दिवस तिथ्या मोजल्या त्यांच्यापैकी एकही त्या क्षणी आकाशात असू नये असे मला वाटले. मला ते लिहायची लाज वाटत नाही. बापाचे गणित पाऊणपटीत बसत नाही.

थवा पाण्यालगत खाडीभर फिरला आणि पलीकडच्या काठावर उतरला. घारी आपल्या जागीच घिरट्या घालीत राहिल्या. विमान उतरल्याचा आवाज आला, मग आवाजही थांबला. मी होडीच्या कडेवर बसलो. म्हातारबाबांनी तंबाखूचा बटवा पुढे केला. मी खात नाही, तरी चिमूट घेतली.

सव्वानऊला फोन आला. साडेनऊला कन्या रिक्षातून उतरली, पाठीवर बोचके, डोळ्यांत झोप, आणि खांद्यावर आईसाठी आणलेली पिशवी. पाणी पार तळाला चालले होते आणि सगळी पाखरे परत जेवायला बसली होती. मी तिला काहीच बोललो नाही, नुसती दुर्बीण दिली.

"काय गो बाय," म्हातारबाबांनी विचारले, "वरून पाखरां दिसली काय?"

"नाही आजोबा," ती म्हणाली, "वरून नुसता चिखल दिसला."

मग तिने दुर्बीण डोळ्यांना लावली. पाणी परत चढू लागेपर्यंत तिने ती मला दिली नाही, आणि आमची अकराची गाडी चुकली.